ताईच्या मशीनची देखभाल

दर तीन-चार महिन्यांनी भाऊजींचा फोन येतो. "मशीन जरा जड चालतंय. सवडीने येऊन बघून जा." एवढं बोलून ठेवून देतात. तू कशी आहेस, तब्येत काय म्हणते, असलं काही नाही. ताई होती तेव्हाही मला बोलावणं याच कारणासाठी यायचं, पण तो फोन ताई करायची आणि शेवटी हळूच म्हणायची, "बारके, मशीनचं निमित्त गं. तू ये." आता ताई नाही. मशीन आहे, आणि मी अजून जाते. का जाते, ते त्या रविवारपर्यंत मलाही नीट सांगता आलं नसतं.

मी एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. लोकांना वाटतं हे फार डोकेबाज काम असेल. कसलं आलंय! निम्मं काम झाडलोटीचं. पंख्यात अडकलेली धूळ काढायची, साठलेला कचरा पुसायचा, कुणीतरी कधीतरी टाकून विसरलेले प्रोग्राम उडवायचे, डिस्क तपासायची. वेळच्या वेळी एवढं केलं तर यंत्र वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. पण करतं कोण? आणि एक दिवस ते बंद पडलं की कपाळाला हात लावून म्हणतात, "कालपर्यंत तर चांगलं चालत होतं हो." ताई गेली तेव्हा भाऊजी अगदी याच शब्दांत बोलले होते. अजूनही ते वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

ताई घरी बसून टायपिंग करायची. साधं नव्हे, ऐकून. एका कंपनीकडून तिला रेकॉर्डिंग यायची. कुणा डॉक्टरने पेशंटबद्दल बोलून ठेवलेलं, कसल्याशा चौकशीतले जबाब, तासन्‌तास चाललेल्या मीटिंगा. ही कानावर मोठे हेडफोन चढवून ऐकायची आणि शब्द न् शब्द टाइप करायची. टेबलाखाली पायाशी एक पेडल होतं, शिलाई मशीनला असतं तसं, पण लहान. मधोमध दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद, डावीकडे दाबलं की रेकॉर्डिंग थोडं मागे. शब्द कळला नाही की ताईची टाच डावीकडे पडायची. खट्. पुन्हा ऐकायची. तरी कळला नाही तर कंसात लिहायची, 'अस्पष्ट'. कुणी गप्प बसलं तर कंसात 'शांतता'. दार वाजलं तर कंसात 'दार'. "ऐकू येईल ते सगळं लिहायचं, आणि आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही," असं ती मला मोठ्या तोऱ्यात सांगायची.

भाऊजींची नोकरी गेली आणि मग त्यांनी दुसरी शोधलीच नाही. बायको घरबसल्या कमावतेय म्हटल्यावर कशाला वणवण करायची! ताईची मनगटं सुजली, मान आखडली, तरी ती त्या खुर्चीत. जेवायलासुद्धा हेडफोन गळ्यात. मी म्हणायची, "ताई, दोन दिवस माझ्याकडे येऊन राहा." ती म्हणायची, "हातातलं एवढं संपलं की येते." हातातलं कधी संपलं नाही. गेली तीही खुर्चीतच, हेडफोन कानावर. भाऊजींनी शेजारी चहा ठेवला, थोड्या वेळाने तो गार झालेला कप उचलून दुसरा ठेवला. तो उचलायला आले तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

मी हे रागाने सांगतेय, मान्य आहे. शांतपणे सांगण्यासारखं त्यात काही नाहीच.

तर त्या रविवारी दुपारी मी माझी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. ताईची खोली त्या घराच्या अगदी पोटात आहे. खिडकी आहे म्हणायला, पण बाहेर हात काढला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागेल. भर दुपारी दिवा लावावा लागतो. आत शिरलं की गरम प्लास्टिकचा वास, आणि त्यात मिसळलेला ताईच्या मनगटाच्या मलमाचा. ती जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"हा वास अजून कसा, भाऊजी?"

"खोली बंद असते ना. वास कोंडतात." त्यांनी विषय संपवला. "तुझं चालू दे. मी केस कापून येतो."

ताईचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, असं ते मला पहिल्यापासून सांगत आले होते. कंपनीला काय, टाइप होऊन आल्याशी मतलब. मी म्हटलं होतं, चला, उशिरा का होईना, पण बसले कामाला. मोबाइलवर 'बरं' एवढं लिहायलाही या माणसाला एक बोट आणि अर्धा मिनिट लागतं, हे मला माहीत होतं. तरी मी फार खोलात गेले नव्हते.

दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "फार वेळ बंद ठेवू नकोस हं."

"साफ करायचं म्हणजे बंद ठेवावंच लागतं."

"हो, पण... जेवढ्यास तेवढं. आणि चालू केलंस की आधी कामाचं फोल्डर उघडून ठेव. मग बाकीचं."

ते गेले. मी मशीन बंद केलं, वायरी सोडवल्या, डबा आडवा करून उघडला. आत धूळ होतीच. ब्रशने पंख्याची पाती एकेक करून पुसली, मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट खरवडून नवी लावली. माझे हात हे काम माझ्याशिवाय करतात, इतकी सवय आहे. म्हणून बाहेरची पावलं माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी चालत होतं. अनवाणी. स्वयंपाकघरापर्यंत जायचं, परत यायचं. मला वाटलं, न्हाव्याकडे गर्दी असेल, भाऊजी परत आले.

"एवढ्यात आलात?"

पावलं थांबली. मी उठून बघितलं तर बाहेर कुणी नव्हतं, दाराला आतून मी लावलेली कडी तशीच होती. वरच्या मजल्यावरचा आवाज असेल अशी मनाची समजूत घातली आणि परत येऊन कीबोर्ड पुसायला घेतला.

तो कीबोर्ड मी ताई गेल्यावर नवा आणून बसवला होता. त्यावरची निम्मी अक्षरं उडाली होती. एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाकडून एवढ्यात अक्षरं उडत नाहीत. आणि ती लांब पट्टी, शब्दाशब्दात जागा सोडायची, ती डाव्या बाजूला झिजून चकचकीत झाली होती. फक्त डाव्या बाजूला. सगळं जग ती पट्टी बहुतेक उजव्या अंगठ्याने दाबतं. ताईचा उजवा अंगठा लहानपणी दारात चेमटला होता, तो तिला नीट वळवता यायचा नाही. ती डाव्याने दाबायची.

मी तो कीबोर्ड हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मग भराभर सगळं जोडलं आणि मशीन चालू केलं. सुरेख आवाज आला पंख्याचा, नव्यासारखा. सांगितल्याप्रमाणे कामाचं फोल्डर उघडलं. आत न झालेल्या रेकॉर्डिंगची रांग होती. एक वायर सैल वाटली म्हणून मी वाकून टेबलाखाली शिरले.

माझं तोंड पेडलपासून वीतभर अंतरावर होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत मधोमध दबलं गेलं.

खट्.

वर कीबोर्ड सुरू झाला. तो वेग मी ओळखते. लहानपणी एकाच खोलीत अभ्यास करायचो तेव्हापासून ताईच्या हाताला एक लय होती, शब्दाच्या शेवटी किंचित जोर. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी वाटली ती माया. आणि मग पेडल डावीकडे दबलं, पुन्हा मधोमध, पुन्हा डावीकडे, आणि मला कळून चुकलं. ही बाई मेली, तरी तिला उठू दिलं नव्हतं! आणि कामात खंड पडू नये म्हणून दर तीन महिन्यांनी पंखा पुसायला मी येत होते.

मी बाहेर आले. खुर्ची रिकामी होती. हेडफोन खुर्चीच्या पाठीला अडकवलेले, त्यातून कुणा माणसाचं बारीक बोलणं झिरपत होतं. पडद्यावर अक्षरं धावत होती.

"ताई," मी म्हटलं. "ताई, मी आलेय..."

अक्षरं धावतच राहिली. मी जोरात हाक मारली. टेबलावर थाप मारली. काही नाही. मग आठवलं, कानावर हेडफोन असले की घरात भांडी कोसळली तरी ताईला ऐकू यायचं नाही. तिच्यापर्यंत पोचायची वाट एकच होती.

मी माझा मोबाइल तोंडाशी धरला आणि बोलले. "ताई, मी बारकी. काम संपलं गं सगळं. आता कुणाचं काही राहिलं नाही. ऊठ. चल माझ्याबरोबर, माझ्या घरी चल." मग वायर जोडून ते रेकॉर्डिंग फोल्डरात टाकलं, रांगेत सगळ्यात वर.

चालू होतं ते संपलं. पेडल उचललं गेलं. पुन्हा दबलं. हेडफोनमधून माझा आवाज आला आणि पडद्यावर माझेच शब्द उमटायला लागले. ताई, मी बारकी. काम संपलं गं सगळं. मध्येच कंसात आलं, 'रडणं'. मी रडले होते हे मला तिथे वाचून कळलं. आणि शेवटी, माझ्या घरी चल याच्यापुढे, कंसात, 'पावलं'.

खट्. मागे. पुन्हा तेच ऐकलं, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा शेवटी 'पावलं'. मी बोलताना एका जागी उभी होते. पण त्या क्षणी हे कुणाच्या डोक्यात येतं? खट्. पुन्हा. खट्. पुन्हा. पान भरत चाललं. ती माझा आवाज परत परत ऐकतेय एवढंच मला कळत होतं, आणि मी तोंडावर ओढणी दाबून उभी होते.

मग पेडल सुटलं. सगळं थांबलं. आणि माझ्या पाठीमागून, खोलीच्या दारातून, अनवाणी पावलं निघाली आणि बाहेरच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

उठली, मला वाटलं. एकदाची उठली! मी मागचापुढचा विचार न करता मशीनचं बटण बंद केलं, पिशवी उचलली आणि कडी काढली. समोर भाऊजी, मानेवर कापलेले केस चिकटलेले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "बंद का आहे?"

"टाइप तुम्ही करत नाही, भाऊजी."

ते चपला काढता काढता थांबले. नाकारतील असं वाटलं होतं. पण ते नुसते थकल्यासारखे भिंतीला टेकले.

"पहिला महिना बंदच ठेवलं होतं मी. तुला काय वाटतं, मला हौस आहे? मशीन बंद असलं की ती घरभर फिरते. आतून बाहेर, बाहेरून आत. मी आडवा झालो की दारात येऊन उभी राहते. काम लावून दिलं की घर शांत होतं."

"आणि पैसेही येतात."

"येतात. मग काय, परत पाठवू?"

"मेल्यावर तरी सोडा हो तिला!" माझा आवाज जिन्यात घुमला. "जिवंतपणी एक दिवस उठू दिलं नाहीत. आज मी उठवलंय तिला..."

"तू उठवलंस ना?" ते म्हणाले. "ने मग. बघ जमतंय का."

मी जिना उतरले. माझ्या मागे एक पायरी सोडून पावलं येत होती, आणि मी एकदाही मागे बघितलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. एक बाई बसायला आली तर तिला म्हटलं, इथे कुणीतरी आहे. वेड्यासारखा आनंद झाला होता मला. इतकी वर्षं मी बोलावत होते, शेवटी ताई माझ्याकडे येत होती.

मी एकटी राहते. दोन खोल्या, वरचा मजला, भरपूर उजेड. त्या संध्याकाळी मी दोन कप चहा केला, आईच्या, शाळेच्या, कसल्या कसल्या आठवणी मोठ्याने बोलले. दिवे लागले तशी पावलं सुरू झाली. स्वयंपाकघरापर्यंत जायचं, परत यायचं. मी बोलले तरी थांबायची नाहीत. ताईला माझं घर नवीन आहे, मी म्हटलं, बघत असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तेव्हा पावलं आधीपासून चालू होती. जिन्यातून ऐकू येत होती. मला ती जड वाटली. ताई चणीने लहान, चालताना तळवे घासायची. हे पाऊल सपाट पडत होतं. शिवाय मलमाचा वास कुठेच नव्हता. पण माणूस गेल्यावर त्याचं पाऊल कसं पडावं, हे मला काय माहीत? मी पलंगावर बसले तसं ते खोलीच्या दारात येऊन उभं राहिलं. उभंच राहिलं. ताई कुणाकडेही गेली तरी कधी दारात थांबायची नाही. सरळ आत येऊन पाय वर घेऊन बसायची.

"ये ना," मी म्हटलं. "अशी परक्यासारखी काय उभी... ये, बस इथे."

थोडा वेळ काही झालं नाही. मग पलंग करकरला आणि माझ्या शेजारची गादी खाली गेली.

मी हलू शकले नाही. अंगावर सरसरून काटा आला, आणि तिथून येणारा गारवा दंडाला लागत होता. ताई माझ्या शेजारी बसलीय आणि मला तिची भीती वाटतेय, याची लाजसुद्धा वाटली. भाऊजींचं म्हणणं आठवलं. काम लावून दिलं की घर शांत होतं. आणि काल ज्या तोंडाने त्यांना नाही नाही ते बोलले, त्याच तोंडाने मी त्यांना फोन लावला.

"भाऊजी... ते ताईचं राहिलेलं काम... मला पाठवता का? इथल्या मशीनवर लावून बघते."

टोमणा येईल म्हणून मी दात आवळले. पण त्यांचा आवाज झोप झालेल्या माणसाचा होता. मोकळा.

"राहिलेलं कुठाय? काल तू गेलीस आणि मी मशीन चालू केलं, तेव्हापासून धडाक्यात चाललंय. साफ छान केलंस हो."

"कोण करतंय काम?"

"कोण म्हणजे? तुझी ताई. ऐक."

त्यांनी फोन टेबलाखाली धरला असावा. खट्... खट्... आणि वरून तो कीबोर्डचा आवाज, शब्दाच्या शेवटी किंचित जोर. पूर्वीसारखाच. म्हणजे ती उठलीच नव्हती.

"पण ती माझ्याबरोबर आली, भाऊजी. मी पावलं ऐकली. जिन्यात... बसमध्ये..."

"पावलं?" ते थांबले. "हो, ती मात्र थांबली. काल तू गेल्यापासून, मशीन बंद होतं तेवढ्या वेळातसुद्धा, घरात एक पाऊल वाजलेलं नाही. मला वाटलं, तू काहीतरी समजावलंस तिला."

पलीकडे पेडल वाजत होतं.

"एक सांगू?" ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "ती असतानाही म्हणायची. या घरात राहायला आलो तेव्हापासून. हेडफोन काढले की बाहेर कुणीतरी चालतंय असं ऐकू येतं म्हणून... मला तर तेव्हा काही ऐकू यायचं नाही."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? म्हटलं, मग नको काढूस."

फोन कधी कट झाला मला कळलं नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. शेजारी गादीचा तो खळगा अजून तसाच होता, फक्त आता तो माझ्या अधिक जवळ होता.